मामानं काढलेला शेवटचा नकाशा

वसंतमामा गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली, आणि तीही नागपूरहून. मामा गेला सौंसरला, मी राहते पांढुर्ण्याला, मधे बसचा तासाभराचा रस्ता, आणि बातमी नागपूरला वळसा घालून आली. त्याचं कारण असं, की मामाच्या भाऊकीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कोण आजारी, कोण गेलं, दहावं कुठं, तेरवी कधी, हे सगळं त्यावर येतं. ज्यांना एकमेकांचं दहा दिवसांचं सुतक लागतं तेवढीच माणसं त्यात. मी मामाची सख्खी भाची, पण लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बहिणीची मुलगी, त्यामुळं मला कोण घेणार? मामाचा मुलगा सुनील बिचारा धावपळीत होता. त्यानं ग्रुपवर एकदा लिहिलं आणि सगळ्यांना कळलं असं धरून चालला. मी तेव्हा सावरगावच्या शाळेत सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होते. मधल्या सुट्टीत फोन पाहिला तर ऋतुजाचे सहा मिस्ड कॉल. "आई, आबाजी गेले गं सकाळी... तुला कोणीच नाही सांगितलं?" तिला मामीचा फोन गेला होता. आख्ख्या नात्यागोत्यात मामीनं पहिला फोन माझ्या पोरीला का केला असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी खडूचे हात तसेच पदराला पुसले आणि बसस्टँड गाठलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. मामाबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्याच्या नोकरीबद्दल लिहायला हवं, कारण ती त्याच्या अंगातून निवृत्तीनंतरही गेली नाही. तो पटवारी होता. महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात, तो आमच्याकडं, मध्य प्रदेशात, पटवारी. सौंसर तहसिलीतली निम्मी गावं त्यानं लाल कापडात बांधलेला कागदपत्रांचा बस्ता काखेत मारून पायाखाली घातली होती. शेतमालक वारला की त्याच्या वारसांची नावं कागदावर चढवायची, त्याला फौती म्हणतात. बाप गेला की मुलं पटवाऱ्यासमोर ओळीनं बसतात, भावांची नावं सांगतात आणि उठायला लागतात. मामा लेखणी खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचा, "अन् बहिनी?" मोहगावकडच्या एका घरी तीन भावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, बहीण नाहीच. मामानं बस्ता बांधला, ओट्यावर पाय पसरून बसला, आणि म्हणाला, "चहा पाजा. तुमची बहीन येईपर्यंत मी अथीच आहो." दुपारी बहीण आली. भावांनी मामाला तोंडावर शिव्या दिल्या नाहीत, पण मागं भरपूर दिल्या असतील. आमचे आजोबा गेले तेव्हाही त्यानं पहिल्यांदा माझ्या आईचं, सुमनचं, नाव लिहिलं आणि मग स्वतःचं. आई म्हणत होती, राहू दे रे, मला काय करायचं आहे तिथं. तर हा म्हणाला, "करायचं काही नको करू. नाव पाह्यजे."

त्याच्या कामाची आणखी एक रीत सांगून ठेवते, कारण शेवटी ती माझ्याच कामी आली. मामाला खाडाखोड सहन व्हायची नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडं शुद्धलेखन करायचे आणि चुकलं की रबर घासून कागदाला भोक पाडायचे. तो माझ्या हातातून रबर काढून घ्यायचा. "खोडाचं नाही, बाई. चुकलेलं दिसलं पाह्यजे. आडवी रेघ मार, बाजूले सही कर, अन् पुढं लिही." आठ वर्षांच्या पोरीला कसली आली सही! तरी मी मोठ्या ऐटीत शोभाचा 'शो' काढायचे.

पाच वर्षांपूर्वी त्याची कंबर दुखायला लागली. कमरेचं दुखणं म्हणून तेल चोळणं झालं, पट्टा झाला. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत पोचला आहे. आमच्या घरात या आजाराचं नावही कोणी घेत नव्हतं. 'लघवीची तक्रार' असं तोंड वाकडं करून सांगायचे. मामा मात्र भर पंगतीत, वाढणाऱ्या बायांसमोर खणखणीत आवाजात 'प्रोस्टेट' म्हणायचा. "अखरोटाएवढी ग्रंथी हाय, प्रत्येक गडीमानसाले असते. लाजाचं काय त्यात? लाजलो म्हनून तर उशीर झाला."

त्या पहिल्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" मामानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, नाही. वडिलांना नव्हता, काकांना नव्हता, चुलतभावांत कोणाला नाही. डॉक्टरांनी 'नाही' असं लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझी आई, मामाची एकुलती एक बहीण, त्याच्या पाच वर्षं आधी स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती. तिच्या उशाशी मी बसले होते, तिचे केस मी माझ्या हातांनी गोळा केले होते. आणि मीही गप्प बसले. मुद्दाम नाही हो, आठवलंच नाही. 'घरात' म्हटल्यावर दोघांच्याही डोळ्यांपुढं मामाचं घर आलं, मामाची भाऊकी आली. आईचं घर वेगळं, आईचा आजार बायकांचा, मामाचा पुरुषांचा. या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख असेल असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

साधारण वर्षभर हे असंच चाललं. इंजेक्शनं सुरू होती, मामा बराच सावरला होता. तहसील कचेरीसमोरच्या एका दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, म्हणजे वेळ जायचा. एक दिवस कोणी शेतकरी बापाच्या फौतीचा अर्ज लिहून घ्यायला आला. भावांची नावं सांगून झाली. मामानं सवयीनं चष्मा वर केला आणि विचारलं, "अन् बहिनी?" ...आणि तिथंच तो थांबला. तो शेतकरी बहिणींची नावं सांगत राहिला, मामाची लेखणी हलेना. अर्ज अर्धा टाकून तो उठला आणि मिळेल त्या बसनं पांढुर्ण्याला आला. मी शाळेतून घरी पोचले तर हा दारात, चप्पलही काढलेली नाही. पाणी दिलं तर नको म्हणाला. भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. "सुमन," तो म्हणाला, "गावभर बहिनीचं नाव इचारत फिरलो वं मी. अन् डॉक्टरनं मले इचारलं, तं तुह्यं नाव सांगाचं भुललो." माझ्या मामाला मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. मीही रडले. चूक माझीही तेवढीच होती, पण ती कबूल करायला तो एकटाच उठून आला होता.

पुढच्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. हे ऐकताच डॉक्टरांचा नूरच बदलला. त्यांनी मामाला आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या एका मॅडमकडं पाठवलं. त्यांनी रक्त घेतलं आणि काही आठवड्यांनी सांगितलं, की बीआरसीए-टू नावाच्या जीनमध्ये एक बदल आहे, जन्मापासूनचा. तो पुरुषात असला तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, बाईत असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या. आई-वडिलांपैकी कोणाकडूनही तो येतो आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी. आईची तपासणी कधी झाली नव्हती, पण तिच्याकडं बोट दाखवायला एवढं पुरेसं होतं. मामाला या शोधाचा फायदाही झाला. एक वेगळी गोळी त्याला देता आली आणि त्या गोळीनं त्याला बरेच चांगले दिवस दिले. पण त्या दिवशी गाडीत परत येताना तो गोळीबद्दल बोलतच नव्हता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पोरीचा हिस्सा कायद्यात आत्ता आला, शोभा. रक्तात पहिल्यापासूनच हाय."

त्या मॅडमनी एका कागदावर घराण्याचा तक्ता कसा काढायचा ते दाखवलं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला आजार झाला त्याची आकृती काळी भरायची, ज्याच्यात नुसता बदल सापडला त्याच्या मधोमध ठिपका, आणि गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मामाला हे इतकं आवडलं की विचारू नका. घरी त्याच्याकडं जुन्या लठ्ठ्याचा एक कोरा तुकडा होता. लठ्ठा म्हणजे गावाचा नकाशा ज्यावर काढतात ते जाड पांढरं कापड. कोणे काळी उरलेला तो तुकडा त्यानं पलंगाखालच्या पेटीत जपून ठेवला होता. त्याच्यावर तो पेन्सिल आणि शाई घेऊन बसला. आजी, म्हणजे मामाची आई, कशानं गेली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 'पोटात पाणी झालं' एवढंच ऐकलेलं. मामा तिगावला गेला, आजीच्या माहेरच्या एका म्हाताऱ्या बाईला गाठलं आणि पोट कसं फुगलं होतं, किती महिने, याची साक्ष घ्यावी तशी माहिती काढली. अंडाशयाचा असू शकतो म्हणून आजीच्या वर्तुळापुढं मग त्यानं प्रश्नचिन्ह काढलं. आईचं वर्तुळ काळं झालं, त्यावर तिरकी रेघ. आपला चौकोनही त्यानं स्वतःच काळा केला, अगदी कडेपर्यंत, नेटका.

सुनीलची तपासणी सर्वांत आधी झाली. त्याच्यात तो बदल नव्हता. म्हणजे मामाचं स्वतःचं घर सुटलं होतं. दुसरा कोणी असता तर देवापुढं पेढे ठेवून गप्प बसला असता. मामानं पेढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या, दिलीपदादाच्या पांढुर्ण्यातल्या दुकानात येऊन बसला. दादाचं रंगाचं दुकान आहे. त्यानं सरळ सांगितलं, "मामा, मले काही होऊन नाही राहिलं. फालतू काहून मागं लागता?" मामानं त्याला कधी घाबरवलं नाही. "नाव चढलं म्हनजे ताबा आला असं नाही," तो समजावायचा. "रक्तात हाय याचा मतलब बिमारी हाय असा नाही. पन नाव चढलं असन तं नजर ठेवा लागते." दर बाजाराच्या दिवशी तो सौंसरहून यायचा, दुकानात स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकांना डब्यांवरचे रंग वाचून दाखवायचा आणि जाताना म्हणायचा, "मंग? कधी?" असं किती आठवडे चाललं कोण जाणे. शेवटी दादा वैतागून गेला, म्हणाला, या म्हाताऱ्याला एकदाचं गप्प करतो. दादात तो बदल सापडला. म्हणून पीएसए नावाची रक्ताची साधी तपासणी केली, तिच्यात पातळी वाढलेली निघाली, आणि पुढं जे सापडलं ते अगदी सुरुवातीचं, ग्रंथीच्या बाहेर न गेलेलं. ऑपरेशन झालं. आज माझा भाऊ शिडीवर चढून वरच्या फळीवरचे डबे काढतो. मामाच्या तेरवीला तो पंगतीत वाढत होता आणि मधेच भांडं खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

आता माझी पाळी. आणि इथं मला सांगायला लाज वाटते, पण मामाच्या रीतीनं चूक दिसलीच पाहिजे. दादानंतर मामा माझ्याकडं आला, तेव्हा ऋतुजासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. एक चांगलं घर चालून आलं होतं. पाहुणे येणार म्हणून मामालाही बोलावलं होतं, मामा-आजोबाचा मान म्हणून. पाहुणे बाहेरच्या खोलीत पोहे खात होते आणि मी मामाला स्वयंपाकघरात ओढून नेलं. तो काही बोलणारच होता असं नव्हे, पण मला धास्ती. मी दातांवर दात ठेवून म्हटलं, "मामा, माझी तपासणी नको, काही नको. अन् त्या कापडावर माझ्या पोरीचं नाव लिहायचं नाही. शपथ आहे तुम्हाला. उद्या कोणी पाहिलं तर कोण करून घेईल तिला?" मी त्याच्याशी उभ्या जन्मात तशी बोलले नव्हते. "बरं," मामा म्हणाला. "नाही लिहीत." आणि बाहेर जाऊन पाहुण्यांशी पिकापाण्याच्या गप्पा मारायला लागला. ते स्थळ पुढं मोडलं, ते भलत्याच कारणानं. मुलाच्या आईला आमची ऋतुजा उंच वाटली. मी हसले नाही, पण मामा फोनवर पोट धरून हसला होता.

त्यानंतर दीड वर्ष मामानं माझ्यापाशी तो विषय काढला नाही. दादाच्या दुकानात ठाण मांडून बसणारा हा माणूस माझ्या घरी येऊन चहा पिऊन निघून जायचा. त्याची चिकाटी मी पाहिली होती, म्हणून ही शांतता मला जास्त बोचायची. मी स्वतःला सांगायचे, ऋतुजाचं जमू दे, मग बघू. खरं सांगायचं तर लग्न हे निमित्त होतं. आईचं ते शेवटचं वर्ष मी पाहिलं होतं आणि मला कळून घ्यायची भीती वाटत होती. गोळीचा उपयोग पुढं कमी होत गेला. जायच्या पंधरा दिवस आधी मी सौंसरला गेले तेव्हा मामा खिडकीपाशी पलंगावर होता, हाताच्या काड्या झालेल्या. मी त्याचे पाय चेपत बसले. त्यानं ऋतुजाची चौकशी केली, नागपूरची नोकरी कशी चालली आहे विचारलं, "पोरगी खमकी हाय तुह्यी," म्हणाला. मी म्हणणार होते, मामा, मी करते तपासणी... शब्द ओठांवर होते. तेवढ्यात मामी भाताची पेज घेऊन आली आणि मी उठून तिच्या हातातली वाटी घेतली. ते राहिलं ते राहिलंच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मामीनं मला आत बोलावलं आणि लाल कापडातला बस्ता हातात दिला. "तुह्याच नावानं ठेवलं होतं," म्हणाली. आत फक्त तो लठ्ठा होता, चार घड्या घातलेला. मी जमिनीवर पसरला. आईच्या काळ्या वर्तुळाखाली दादाचा चौकोन, तोही भरलेला, आणि शेजारी माझं वर्तुळ, कोरं. मामाच्या बारीक अक्षरात पुढं शेरा होता: 'वेळ आहे.' पटवारी शेरा लिहितो तसा, राग नाही, टोमणा नाही. आणि माझ्या वर्तुळातून एक रेघ खाली उतरली होती, तिच्या टोकाला आणखी एक लहान वर्तुळ आणि त्यात नाव: ऋतुजा. माझ्या डोक्यात सणक गेली. शपथ घातली होती ना मी! मग नीट पाहिलं... ते वर्तुळ वाकडंतिकडं होतं, आणि अक्षर मामाचं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. "आई, आबाजींनी नाही लिहिलं," ऋतुजा म्हणाली. "तू मना केलं होतं म्हणून ते पेन्सिलला हातच नाही लावून राहिले होते. मीच लिहिलं." वर्षभर मामाला नागपूरच्या दवाखान्यात दर महिन्याला तीच घेऊन जात होती, स्टँडवर उतरवून घ्यायची, परत बसवून द्यायची, आणि मला पत्ता नव्हता. मामाला ती सारखी म्हणत होती, माझी तपासणी करून घेऊ. तर त्यानं तिला सांगितलं होतं, आधी आईची होऊ दे. तिच्यात नसलं तर तुह्यात यायचा सवालच नाही, फुकट काहून जिवाले घोर? म्हणून तिच्या नावापुढचा शेरा तेवढा त्यानं आपल्या हातानं लिहिला होता, एकच शब्द: 'आईनंतर.'

म्हणजे माझी पोरगी वर्षभर माझ्यासाठी थांबली होती. आणि मी तिच्यासाठी थांबले आहे असं समजत होते.

मी त्याच आठवड्यात नागपूरला गेले. मॅडमनी तोच प्रश्न विचारला, घरात कुणाला? या वेळी मी पहिल्यांदा आईचं नाव सांगितलं, मग मामाचं, मग दादाचं, आणि त्यांच्या टेबलावर लठ्ठा उलगडला. त्या बोट फिरवत एकेक शेरा वाचत गेल्या. रिपोर्ट परवा आला. माझ्यात तो बदल आहे. आजार नाही, पहिल्या तपासण्या नीट निघाल्या आहेत, पुढच्या ठरल्या आहेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पण दीड वर्ष जी वाटत होती तितकी नाही. काल दुपारी जेवणाच्या टेबलावर लठ्ठा पसरून बसले. सुनील, मामी, दादा, कोणाच्याही हातून मामाच्या चौकोनावर तिरकी रेघ निघाली नव्हती. ती मी काढली, पट्टी लावून, कारण वाकडी रेघ त्याला चालली नसती. माझ्या वर्तुळाच्या मधोमध ठिपका दिला. ऋतुजा रविवारी येणार आहे, सोमवारी दोघी मिळून तिच्या तपासणीला नागपूरला जाणार. तिच्या नावापुढं 'आईनंतर' तसंच होतं. रबर समोरच पडलं होतं, मी घेतलं नाही. त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.